प्रकाशाचा इतिहास प्रयोग करत शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

निवांत:
नुसतं वाचायचं नाहीये, जुन्या लोकांनी केलेले प्रयोग जमतील तितके घरी करून बघायचेत, सोबत आठवीतली भाची असेल. महागडी उपकरणं नकोत. न्यूटनच्या लोलकापासून सुरू करू का? जाणकारांनी सुचवा प्लीज.

टाचणी:
न्यूटन नंतर हो. आधी इब्न अल-हैथम, हजार वर्षांपूर्वीचा अरब शास्त्रज्ञ. अंधारी खोली, पुठ्ठ्याला बारीक भोक, पलीकडे ओळीत मेणबत्त्या, अलीकडे पांढरा कागद. जितक्या मेणबत्त्या तितके ठिपके पडतात, मग एकीला आडोसा केला की फक्त तिचाच ठिपका जातो, तोही ओळीच्या उलट्या बाजूचा! एवढा सगळा प्रकाश एकाच भोकातून घुसतोय तरी कालवाकालव होत नाही. भाचीला आधी विचारा कुठला ठिपका जाईल.

घाईत_आहे:
लोलक कशाला, जुनी सीडी घ्या, तेच रंग दिसतात.

काजवा:
@घाईत_आहे रंग तेच पण भानगड वेगळी. लोलकात जांभळा सगळ्यात जास्त वळतो, सीडीत लाल, कारण तिथे वक्रीभवन (काचेत शिरता-निघताना उजेड वळणं) नसून विवर्तन (बारीक रेघांवरून उजेड पसरणं) आहे. सीडी ठेवा, पण न्यूटनसाठी लोलकच हवा आणि तेही दोन. रंग पाडणं ही त्याची कमाल नव्हेच, ते आधीही लोक पाडायचे, फक्त काचच उजेडाला रंगवते असं बऱ्याच जणांना वाटायचं. याने एकच रंग भोकातून पुढे सोडून दुसऱ्या लोलकावर घेतला, तो वळला पण त्याचे आणखी रंग काही झाले नाहीत. १६७२ मध्ये हे छापलं आणि लगेच रॉबर्ट हूक या दुसऱ्या इंग्रज शास्त्रज्ञाशी जुंपली.

टाचणी:
+१. मग इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग, १८०३. त्याने उन्हाच्या बारीक झोतात पुठ्ठ्याची अरुंद पट्टी धरली होती, तुम्ही लेझर पॉइंटरसमोर केस धरा. भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे येतात. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आणि भिंत २ मीटरवर असेल तर एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या पट्ट्यांत साधारण १८ मिमी अंतर म्हणजे केस ०.०७ मिमी जाड. साध्या पट्टीने केसाची जाडी मोजायची, अजून काय पाहिजे! लेझर डोळ्यात जाऊ देऊ नका, आरशावर तर मुळीच नको.

निवांत:
भारी! उन्हाऐवजी टॉर्च चालेल का?

काजवा:
न्यूटनला चालेल, झोत फटीतून बारीक करून घ्या. पण खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचा १८०० चा प्रयोग करणार असाल, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे थर्मामीटर ठेवून पारा चढतो का बघायचा, तर ऊनच लागेल. एलईडी टॉर्चमध्ये अवरक्त, म्हणजे लालपलीकडचा तो न दिसणारा प्रकाश, जवळपास नसतोच. थर्मामीटरचा फुगा काळा करा आणि शेजारी सावलीत दुसरा ठेवा, नाहीतर फरक कशाशी ताडणार?