मदत हवी आहे: थंडीत बाटलीतल्या बिअरला गॅस धरत नाहीये

मंडळी, एडिनबराच्या थंडीत घरच्या बिअरचं गाडं अडलंय. इंग्लिश बिटर (कडवट चवीची एक बिअर) आहे, यीस्ट एस-०४ प्रकारची. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजायचं उपकरण) रीडिंग हलेनासं झाल्यावर, म्हणजे आंबणं थांबल्यावरच बाटल्या भरल्या. यीस्टने ती खाऊन बाटलीत गॅस धरावा म्हणून लिटरला ४ ग्रॅम साखर, पाण्यात उकळून. बिटरला याहून जास्त फेस शोभत नाही, असं माझं मत.

खोकी स्टोअररूममध्ये आहेत. तिथे दिवसा १६ अंश, रात्री १२ वर येतं. काल एक बाटली उघडली, तर झाकण निघताना जेमतेम फुस्स झालं. चव गोडसर, तळाशी यीस्टचा घट्ट थर. म्हणजे साखर तशीच पडून आहे आणि यीस्टने ताणून दिलीय. एस-०४ तशीही तळाशी लवकर बसते.

साधारण १८ ते २४ अंशांत दोन-तीन आठवडे ठेवा, असं सगळेच सांगतात. पण ती ऊब आणायची कुठून? गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात पारा २८ वर चढतो, टाकी बंद झाली की धाडकन खाली. साखर मोजून घातलीय, त्यामुळे नुसत्या उबेने बाटल्या फुटणार नाहीत हे कळतं. भीती चव बिघडण्याची आहे.

दुसरा पर्याय म्हणजे थर्माकोलच्या खोक्यात रोपांसाठीची हीट मॅट, सोबत थर्मोस्टॅट. कोणी वापरलंय का? सेन्सर बाटलीला चिकटवायचा की हवेत लोंबता ठेवायचा? आणि बाटल्या हलक्या हाताने उलट्यासुलट्या करून यीस्ट जागी होते का?

साखर पुन्हा घाला, हा सल्ला मात्र कृपया नको.