'वाचेल हो हळूहळू' म्हणणं आता थांबवा

ओसरी

माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यमात. बालभारतीचा धडा घडाघडा म्हणतो, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गेल्या महिन्यात सहज चित्रावर हात ठेवला आणि तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा काय आहे? गप्प. पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणत आला आणि त्या शब्दाशी पोचल्यावर सांगितलं. म्हणजे अख्खा धडा पाठ होता, वाचत काहीच नव्हता. बाराखडीचंही तेच. 'क का कि की' एका दमात म्हणतो, पण मधलाच 'कु' दाखवला तर ओठ हलवत सुरुवातीपासून तिथवर येतो.

शाळेत विचारलं तर उत्तर आलं, "वाचेल हो हळूहळू, मुलगे जरा उशिराच वाचतात." सासरे म्हणाले, याचा बाप तरी कुठे चौथीआधी वाचत होता! शेजारीण म्हणते, डिस्लेक्सियाची, म्हणजे मूल हुशार असूनही वाचन अडतं त्या अडचणीची, टेस्ट लगेच करून घे.

माझं मत स्पष्ट आहे. थांबा म्हणणं सोपं असतं आणि त्याची किंमत मूल मोजतं. तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक येतं, गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात, आणि तिथे वाचता येतंय असं धरूनच सगळे पुढे जातात. तुम्हाला काय वाटतं?

पाटीपेन्सिल

ताई, 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, म्हणून बोलतो. हल्ली बाराखडीला नावं ठेवायची टूम आहे. पाढ्यांशिवाय गणित नाही, तशी बाराखडीशिवाय मराठी नाही. दोन वर्ग एका खोलीत सांभाळताना माझ्याकडे तेवढंच हत्यार होतं आणि त्यावर पोरं शिकली. तुमच्या मुलाची बाराखडी कच्ची आहे. रोज एक अक्षर दहा वेळा गिरवून घ्या, दिवाळीपर्यंत वाचायला लागेल.

करवंद

गुरुजी, नमस्कार. मीही जिल्हा परिषदेतच आहे, पालघरकडे, पहिली-दुसरी शिकवते. पण इथे तुमचं पटत नाही. त्याची बाराखडी पाठ आहे हेच तर ओसरीताई सांगतायत! तोंडाला येते, डोळ्याला येत नाही.

हिशोब करून बघा. छत्तीसेक व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर आकृत्या. ते सगळं घोकेपर्यंत वर्ष जातं आणि पोराने अर्थाचा एक शब्दही वाचलेला नसतो. त्यापेक्षा क, म, ल आणि काना एवढंच घ्या. पहिल्याच आठवड्यात मला, काल, माल, काम, मामा, कमाल असे शब्द तयार होतात. मग अक्षरं उलटसुलट लावायची. 'मला'चं 'माल' कसं झालं, काना कुठे सरकला, हे मुलाला स्वतःला दिसलं पाहिजे. आणि गुरुजी, जुन्या लोकांनी तरी कुठे 'क ख ग'ने सुरुवात केली होती? ते पाटीवर 'ग म भ न' काढून देत, कारण काढायला सोपं. म्हणजे क्रम मोडायची परंपरा आपलीच आहे.

आमच्या पाड्यावर आणखी एक अडचण आहे. मुलं घरी वारली बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. अक्षरं जुळवून 'अननस' वाचलं तरी मुलगी माझ्याकडेच बघते, कारण ते फळ तिने पाहिलेलंच नाही. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच भागात, बोर्डीला, बालवाडी सुरू केली आणि पुढे शाळा मुलांच्या अंगणापर्यंत नेली. आम्ही अजून पुस्तकातले शब्द अंगणातून आणू शकलेलो नाही.

निवांत

सगळ्यांना एवढी घाई कसली आहे? फिनलंडमध्ये सात वर्षांपर्यंत पहिली सुरूच होत नाही. मुलांना वाचता येतं का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर' पाहणीचा 2024 चा अहवाल बघा. ग्रामीण भारतात तिसरीतल्या जेमतेम 27.1 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. करोनानंतर, 2022 मध्ये, तर 20.5 टक्केच होते. म्हणजे चारातली तीन मुलं अडलेली. या सगळ्यांना डिस्लेक्सिया आहे का? टेस्ट, थेरपी, पॅकेज, सगळा धंदा आहे. एकदा शिक्का बसला की मूल स्वतःच म्हणायला लागतं, मला जमत नाही.

रवाली

निवांत, माझ्या नावाची गोष्ट सांगते. माझी लेक 'खाली' हा शब्द 'रवाली' वाचायची. छपाईत ख जरासा सुटा आला की तिच्यासाठी तो र आणि व. सुरुवातीला आम्ही हसलो, घरात ते लाडाचं नावच झालं. पुढे भ-म, घ-ध यांचा गोंधळ आला. असे गोंधळ बहुतेक मुलांचे होतात आणि जातात, तिचे गेले नाहीत. ऐकून सगळं समजायचं, तोंडी उत्तरं चोख, पण वही कोरी. आळशी आहे म्हणून मीच मारलंय तिला. तेव्हा मलाही भेटलेले प्रत्येकजण 'घाई कसली' म्हणत होते. पाचवीपर्यंत थांबलो. आता ती दहावीत आहे, वाचते, सावकाश वाचते. शिक्का नव्हता तेव्हाही ती स्वतःला ढ म्हणत होतीच. शिक्का बसला तेव्हा निदान त्याला कारण मिळालं.

ओसरी, आधी कान आणि डोळे तपासून घ्या. कधीकधी गाडी तिथेच अडते. डोळे ठीक असतील तर चष्मा बदलून काही होत नाही. डिस्लेक्सियाची अडचण नजरेची नसते, हुशारीचीही नसते. शब्दातले आवाज सुटे करणं आणि खुणेला आवाज जोडणं या मुलांना जड जातं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. प्रमाणपत्र मात्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात. पण मदत सुरू करायला कागद लागत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही.

करवंद

निवांत, फिनलंडचं उदाहरण अर्धंच दिलंत. फिनिशमध्ये जवळजवळ एका अक्षराला एकच आवाज, आणि अक्षरं तीसच्या आत. आपल्याकडे 'कि'ची वेलांटी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. 'चार' आणि 'चाक' यांतला च बोलायला वेगळा, लिहायला एकच. आपलं ओझं निराळं आहे, वेळ जास्त लागणारच. पण वेळ लागणं आणि नुसतं थांबणं एकच नाही.

'असर'चा आकडा मात्र बरोबर दिलात, आणि तो तुमच्याच विरुद्ध जातो. त्यातल्या बहुतेकांना कसला विकार नाही, त्यांना नीट शिकवलेलंच नाही. म्हणून आधी तीन-चार महिने रोज नेमाने शिकवून बघायचं. तरीही जो अडतो त्याला तज्ज्ञाकडे न्यायचं. न शिकवता तपासलं तर सगळेच नापास दिसतील.

निवांत

रोज शिकवणार कोण? निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यांतून तुम्हाला वेळ मिळतो का, आधी ते सांगा. शेवटी सगळं आईच्या गळ्यात पडतं.

करवंद

नाही मिळत. खोटं कशाला बोलू?

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहितेय. कान-डोळे ठीक निघाले. जुन्या कालदर्शिकेच्या पाठीमागे अक्षरं लिहून कापली, रोज पंधरा मिनिटं बसतो. पहिला आठवडा रडारड झाली. परवा त्याने क, म, ल लावून मधला काना दोनदा इकडेतिकडे केला आणि स्वतःच ओरडला, "आई, कमाल!" तरी दुसऱ्या दिवशी 'माल' वाचताना अडलाच. टेस्टचं आठ वर्षं झाल्यावर बघू, तोवर हे सोडणार नाही.

सासरे आता रोज शेजारी येऊन बसतात. काल त्यांनी उत्साहात 'सूर्य' लिहून दिला आणि पोराने 'सूय' वाचून वर विचारलं, "डोक्यावर हे काय आहे?" र कसा शिकवायचा?

पाटीपेन्सिल

आजोबांना सांगा, जोडाक्षर इतक्यात नको. र चार वेश घेऊन येतो. सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. मी चारही एका दिवशी फळ्यावर लिहीत असे, आणि वर्गातली अर्धी पोरं खिडकीबाहेर बघत असत. आता वाटतं, आठवड्याला एक पुरे होता. आधी 'चक्र' घ्या. बाराखडीवरचं माझं मत मात्र बदललेलं नाही.