मदत हवी आहे: व्यंगचित्रांची कात्रणं आणि वाचकांची पत्रं जुळवायची कशी?

दैनिकातल्या एका राजकीय व्यंगचित्रमालिकेची ४०० कात्रणं आणि तिच्यावर छापून आलेली वाचकपत्रं स्कॅन करून एकत्र लावायची आहेत. दोन ठिकाणी गाडं अडलंय.

कागद पातळ, म्हणून मागची छपाई पुढे उमटते. कात्रणामागे काळा कार्डशीट ठेवला की ते बरंच जातं. पण राखाडी छटा ठिपक्यांनी छापलेल्या असतात, त्यामुळे ३०० डीपीआयला (स्कॅनची बारकाई) पुढाऱ्याच्या कोटावर जाळीदार लाटा येतात. ६०० ला ग्रेस्केल (राखाडी छटांसह) टिफ फाईल घेऊन आकार निम्मा केला की लाटा कमी होतात, पण फुग्यातली बारीक अक्षरं पुसट होतात. स्कॅनरचं डीस्क्रीन (छपाईचे ठिपके घालवणारी सोय) वापरावं, की आधी हलकं ब्लर करून मग लहान करावं? (निव्वळ काळा-पांढरा मोड सुचवू नका, त्यात छटाच मरतात.)

दुसरं जास्त किचकट. पत्राला अंकाची तारीख आहे, कात्रणाला नाही. पाठीवरची सिनेमाची जाहिरात किंवा सामन्याचा निकाल कधीकधी वाचवतो. पत्रातलं ‘परवाचं चित्र’ मात्र फसवं: तो परवा लिहिणाऱ्याचा, छापल्याचा नव्हे. त्यात जुने वाचक एकाच पत्रात चार चित्रांचा हिशेब मांडतात, कधीच गायब झालेलं पात्रही ओढून आणतात. मग एक्सेलमध्ये पत्राची एकच ओळ ठेवून चित्रक्रमांक स्वल्पविरामाने लिहावेत, की पत्र-चित्र जोड्यांची वेगळी शीट करावी (एका ओळीत एकच जोडी)? एका रकान्यात कोंबले तर ‘१२’ शोधताना ‘११२’ पण येतो.

अंदाजे तारीख कशी नोंदवता, तेही सांगा.