मदत हवी आहे: कमी मिठाची चिली आणि सोडियमचा हिशोब

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्ससमध्ये राहतो. ह्यांचं बीपी वाढल्यामुळे डॉक्टरांनी दिवसाला १५०० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा घातली आहे. एका टीस्पून मिठातच साधारण २३०० असतं, म्हणजे बघा! आणि थंडीत घरात सगळ्यांना चिली (खिम्याचा दाट, मसालेदार रस्सा) हवीच. आमची राजमा, टोमॅटो आणि टर्कीचा खिमा घातलेली. (इथले अस्सल टेक्सासी राजम्याला नाकं मुरडतात, मुरडू देत.)

डबाबंद राजमा धुतला तरी बरंच सोडियम उरतं, म्हणून कोरडा राजमा भिजवून कुकरला लावते. टोमॅटो बिनमिठाचे. तयार मसाल्याच्या पाकिटांत बहुतेक मीठ असतं, त्यामुळे लाल तिखट, जिरेपूड, ओरेगॅनो, लसूण घरीच मिसळते. पण चव सपक लागते. शेवटी लिंबू पिळते, चिमूटभर कोको घालते, तरी काहीतरी राहून जातं. आमसूल किंवा चिंच कोणी घालून पाहिली आहे का?

दुसरं, सोडियम मोजायच्या ॲपमध्ये नोंद कशी करता? राजमा कोरडा तोलायचा की शिजलेला? अख्ख्या पातेल्याचं वजन करून वाटीचा हिशोब काढावा, तर तळाशी खिमा आणि वर नुसता रस्सा. सगळ्या वाट्या सारख्या कुठे असतात!

लो सोडियम मीठ मात्र सुचवू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ह्यांना लोसार्टन (बीपीची गोळी, तिनेही पोटॅशियम वाढू शकतं) चालू आहे, डॉक्टरांनी नको म्हटलंय.

सोबतच्या कॉर्नब्रेडमध्ये (मक्याच्या पिठाचा ब्रेड) बेकिंग पावडरचं सोडियम असतं ते वेगळंच. बिनसोडियमची पावडर कोणी वापरत असेल, तर ब्रेड नीट फुगतो का तेही सांगा.