कॅम्पवरची मीटरची वीज: ॲडव्हान्स भरण्याआधी अटी वाचायच्या की नाही?

ठाणेकर भटक्या (धागाकर्ता)

हिवाळ्याची बुकिंगं सुरू झालीत. शहापूर-मुरबाडकडचे काही कॅम्पवाले आता तंबूचं भाडं वेगळं आणि वीज मीटरप्रमाणे वेगळी घेतात. माझं म्हणणं एवढंच, की विजेच्या अटी पूर्ण वाचल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नये. भाडं जाहिरातीत दिसतं, विजेचा आकडा मात्र फॉर्मच्या शेवटच्या पानावर असतो, आणि ते पान उघडायच्या आत आपण पैसे पाठवलेले असतात. त्यानंतर आपल्या बोलण्याला वजन राहत नाही.

आमच्या ग्रुपकडे आलेल्या एका फॉर्ममधली कलमं सांगतो. दर युनिटला २५ रुपये. प्रत्येक तंबूमागे रात्रीला किमान १० युनिट धरणार. जनरेटर चालू असेल तेव्हा 'लागू असेल तो दर'. रीडिंग कॅम्पवाल्यांचं असेल ते अंतिम. कुठलाही बिघाड झाला तर खर्च पाहुण्यांचा.

आता हिशोब करा. एका तंबूत ९ वॅटचे दोन दिवे, ६० वॅटचा पंखा, चार मोबाइल. पंखा रात्रभर चालवला तरी एक युनिट पूर्ण होत नाही. म्हणजे पाऊण युनिटासाठी २५० रुपये. दहा तंबू, दोन रात्री, ५,००० रुपये. खरा वापर १५ युनिटांचा, त्यांच्याच दराने ३७५ रुपये. मग याला मीटरप्रमाणे कसं म्हणायचं? ते ठरावीक भाडंच झालं, फक्त दुसऱ्या नावाने.

घोडबंदरचा प्रशांत

अजिबात पटलं नाही. माणशी दीड हजार भरून जाणारे आपण तंबूमागे अडीचशेसाठी कलमं तपासायची? गावातला कॅम्पवाला काही वकिलाकडून फॉर्म लिहून घेत नाही. शेजारच्याचा फॉर्म आणतो, नाव बदलतो, झेरॉक्स काढतो. त्यातल्या अर्ध्या कलमांचा वापर तो कधीच करत नाही. फोन करा, 'दादा, विजेचं काय?' विचारा, तो सांगेल. आधीच आपण शहरवाले तिथे तोऱ्यात जातो. त्यात हातात कायद्याची भाषा घेऊन गेलो तर तो बिचारा आपल्याशी बोलायचंच बंद करेल. ओळख, विश्वास याला काही किंमत आहे की नाही?

ठाणेकर भटक्या

प्रशांत, विश्वासाला किंमत आहेच. पण फोनवर बोललेला मालक रविवारी सकाळी हिशोबाला हजर नसतो. तिथे असतो त्याचा पोरगा किंवा कामावरचा माणूस, आणि त्याच्या हातात तोच झेरॉक्स फॉर्म असतो. तो बिचारा तरी काय करणार? फोनवर जे ठरलं ते व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून घेतलं तर कुणाचा अपमान होतो असं मला वाटत नाही.

वाशीकर मावशी

माझी लेक-जावई इंग्लंडमध्ये कॅरॅव्हॅन घेऊन फिरतात. तिथे ऑफजेम नावाची वीज-गॅसची नियामक संस्था आहे. तिचा २००३ पासूनचा नियम आहे, की कॅम्पवाला किंवा घरमालक स्वतः ज्या दराने वीज घेतो, त्याहून चढ्या दराने ती राहणाऱ्याला विकू शकत नाही. त्यामुळे त्यांना जागेचं भाडं पटलं की पुरे, युनिटच्या दरात नफा दडलेला नसतो. भटक्यांच्या फॉर्ममधले २५ रुपये बघून मला हेच आठवलं. कॅम्पवाल्याने कमवावं, जरूर कमवावं, पण जागेचे, जेवणाचे, कष्टाचे कमवावे. विजेवर कशाला?

मुरबाडचा कॅम्पवाला

मावशी, तुमचा मान ठेवून सांगतो. घरच्या बिलाचा दर मनात धरून आमच्याकडे बघू नका. आमचं कनेक्शन वाणिज्यिक. बिलात वीज आकार, त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार, शिवाय २१ टक्के वीज शुल्क. घरगुतीला ते १६ टक्के आहे. स्थिर आकार दर महिन्याला येतोच, पावसाळ्यात एकही तंबू लागलेला नसला तरी. शेतातून तंबूपर्यंत केबल ओढली, बोर्ड बसवले, तो खर्च वेगळा.

आणि जनरेटर. एका लिटर डिझेलमध्ये साधारण तीन, फार तर साडेतीन युनिट निघतात. डिझेल ९० च्या आसपास. म्हणजे नुसत्या इंधनाचेच युनिटला २५ ते ३० रुपये झाले. भार कमी असेल तर मशीन तेवढंही देत नाही. दोन तंबूंसाठी रात्री जनरेटर चालवायचा म्हणजे घरचं घालून धंदा.

मीटर का लावले तेही ऐका. पूर्वी आम्ही वीज भाड्यातच देत होतो. मग लोक इंडक्शन शेगड्या आणायला लागले, पाण्याचे हीटर आणायला लागले. ठाण्याहून इलेक्ट्रिक गाडी येते, रात्री तंबूच्या बोर्डावर लागते, सकाळपर्यंत २०-२५ युनिट गायब. बाजूच्या तंबूतल्या माणसाने फक्त एक दिवा लावलेला असतो. त्याने गाडीवाल्याचे पैसे का भरायचे? मीटर त्याच्यासाठी आहे.

कळव्याचा वायरमन

तुम्ही सगळे दरावर भांडताय. मी असतो तर बिघाडाचं कलम पहिलं वाचलं असतं.

तंबूत बहुतेक ठिकाणी ६ अँपिअरचा सॉकेट असतो. २३० व्होल्टला तो जेमतेम १,३८० वॅटपर्यंतचा. साधी किटली १,५०० वॅटची, इंडक्शन २,००० ची. लावली की वायर तापणार, एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडणार, नाहीतर सॉकेट जळणार. आणि फॉर्म म्हणतो खर्च पाहुण्यांचा. पण किती वॅटपर्यंत लावायचं ते फॉर्ममध्ये लिहिलंय का? नसेल तर ते आधी लिहून मागा. दुसरं म्हणजे, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का विचारा. ओली जमीन, अनवाणी पोरं, गवतातून गेलेली एक्स्टेन्शन. आरसीसीबी नसेल तर दर पाच रुपये असला तरी तिथे वीज घेऊ नका.

रीडिंगचं म्हणाल तर आल्यावर आणि निघताना मीटरचा फोटो काढा, नंबर दिसेल असा. मीटरच्या तोंडावर इंपल्सचा आकडा छापलेला असतो, ३२०० किंवा १६०० वगैरे. लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. तंबूतलं सगळं बंद करून पाच-दहा मिनिटं उभे राहा. दिवा तरीही लुकलुकत राहिला तर अंगणातले दिवे नाहीतर शेजारचा तंबू तुमच्या मीटरवर चढलाय. हे मालकाला माहीत असतंच असं नाही. वायरिंग करणारा कुठूनही तार ओढून मोकळा होतो.

चरईचे काका

एवढी धास्ती कशाला? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्याच दिली आहे. अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड, सगळं त्यात येतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्येच एका बिल्डरच्या प्रकरणात सांगितलं, की एकतर्फी कलमांवर ग्राहकाने सही केली म्हणून तो त्यांना बांधला जात नाही. तेव्हा सही करा, मजा करा, त्रास झाला तर तक्रार करा.

नेरूळची वकील

काका, कायदा तुम्ही बरोबर सांगितलात, सल्ला मात्र मला मान्य नाही. करारच अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते. पाच हजारांच्या विजेच्या बिलासाठी कोण मुंबईच्या खेपा घालणार? जादा पैसे घेतले, सेवेत त्रुटी होती, अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे जाऊ शकते, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला पैसे लागत नाहीत. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार, की दर काय ठरला होता? ज्याने अटी वाचून दर लिहून घेतलाय त्याच्याकडे उत्तर आहे. 'लागू असेल तो दर' यावर सही केलेला माणूस काय दाखवणार?

घोडबंदरचा प्रशांत

वायरमन दादांचं पटलं, आरसीसीबीचं मी यापुढे विचारणार. पण मीटर ही भानगडच मला नको वाटते. तंबूमागे सरळ १०० रुपये लावा. पोरंबाळं घेऊन दोन दिवस मोकळ्या हवेत जायचं आणि मीटरचे फोटो काढत बसायचं, त्यात कसली मजा?

मुरबाडचा कॅम्पवाला

प्रशांत भाऊ, १०० रुपये लावले की पहिली इलेक्ट्रिक गाडी येईपर्यंत ठीक.

ठाणेकर भटक्या

दादा, तुमचा जनरेटरचा हिशोब मला पूर्ण मान्य आहे. तो आकडा तीस असो वा पस्तीस, फॉर्मवर छापा, मी भरेन. माझा राग २५ रुपयांवर नाही, किमान १० युनिटांवर आहे. केबलचा आणि स्थिर आकाराचा खर्च तुम्हाला वसूल करायचाय ना? तो भाड्यात घाला. तंबू १,२०० चा असेल तर १,३५० करा आणि वीज मीटरला दिसेल तेवढीच लावा. मग अटी वाचायची गरजही निम्मी होईल.

मुरबाडचा कॅम्पवाला

जनरेटरचा दर या मोसमापासून छापतो. किती वॅटपर्यंत लावायचं तेही बोर्डाशेजारी लिहितो, वायरमन दादांचं बरोबर आहे. किमान युनिट १० वरून ३ वर आणेन, पण काढणार नाही. तुम्ही म्हणता भाड्यात घाला. मागे घातलं होतं. लोक पाच कॅम्पचे दर बघतात, सगळ्यात स्वस्त असेल त्याला फोन करतात. मी १,३५० लिहिलं आणि पलीकडच्याने १,२०० लिहून वीज वेगळी लावली, तर शनिवारी त्याचे तंबू भरलेले आणि माझे रिकामे. फॉर्म वाचणारे तुमच्यासारखे थोडे. तुमच्या ग्रुपातल्या चाळीस जणांनी बुकिंगआधी वीज धरून एकूण किती पडेल हे मला नुसतं विचारायला सुरुवात करा, मी किमान युनिट त्याच दिवशी काढतो.