उलटणारा सी. डिफिसिल संसर्ग : मलदात्याच्या निवडीबद्दल मदत हवी आहे
माझ्या 70 वर्षांच्या रुग्णाचा सी. डिफिसिल (आतड्यात विषद्रव्य सोडून जुलाब घडवणारा जीवाणू) संसर्ग तिसऱ्यांदा उलटला आहे. तोंडावाटे व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक पूर्ण मुदत दिले, पुढे मात्रा हळूहळू कमी करत नेली, तरीही जुलाब परतले आणि विषद्रव्याची चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. आता निरोगी दात्याच्या मलातील सूक्ष्मजीवांचे प्रत्यारोपण करण्याचा विचार आहे.

कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्यात दुर्बीण घालण्याची) सोय आहे, रुग्णाची प्रतिकारशक्ती ठीक आहे, घरातील दोघे दाते तयार आहेत. परंतु अमेरिकेत 2019 मध्ये अशाच प्रत्यारोपणातून ईएसबीएल (अनेक प्रतिजैविके निष्प्रभ करणारे विकर) निर्माण करणारा ई. कोलाय जीवाणू संक्रमित होऊन एक रुग्ण दगावला होता, आणि आपल्याकडे तर असे जंतू धडधाकट माणसांच्या आतड्यांतही आढळतात, हे मला फार अस्वस्थ करते.

ईएसबीएल-वाहक दात्याला आपण सरसकट नाकारता का, आणि नाकारत असल्यास योग्य दाता कसा मिळवता?