‘राजकीय अर्थशास्त्र’ की ‘राजकीय अर्थकारण’?

प्रश्न : विकसनशील देशांतील सामाजिक धोरणाविषयीच्या एका लेखाचे मराठीकरण करीत आहे. त्यातील ‘पोलिटिकल इकॉनॉमी’ या संज्ञेसाठी ‘राजकीय अर्थशास्त्र’ हा शब्द रूढ आहे, परंतु ‘अनुदानाचे राजकीय अर्थशास्त्र’ असे लिहिले की वाक्य अडखळते. ‘युनिव्हर्सल’ आणि ‘टार्गेटेड’ या जोडीसाठी ‘सार्वत्रिक’ आणि ‘लक्ष्यनिर्धारित’ हे शब्द योजले आहेत. ते योग्य आहेत का? ‘लाभार्थी’ हा शब्द सरसकट वापरावा का?

उत्तर : ‘राजकीय अर्थशास्त्र’ हे ज्ञानशाखेचे नाव आहे आणि त्या अर्थाने ते टिकवावे. तुमच्या लेखाचा विषय मात्र ज्ञानशाखा हा नसून खर्च कोण उचलतो, लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि ही वाटणी बदलू नये म्हणून कोण जोर लावतो, हा व्यवहार आहे. ‘साखरेचे अर्थकारण’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा पैशाबरोबर हितसंबंधही गृहीत धरलेले असतात. म्हणून ‘सामाजिक धोरणाचे राजकीय अर्थकारण’ असे लिहावे. ‘राजकीय अर्थव्यवस्था’ टाळावे. त्यातून एखाद्या देशाच्या व्यवस्थेचा बोध होतो, प्रक्रियेचा होत नाही.

‘लक्ष्यनिर्धारित’ हा शब्द शिधावाटपाच्या सरकारी परिभाषेत रुळलेला असल्याने चालेल. त्याची अडचण अशी की तो निव्वळ तांत्रिक वाटतो. जणू गरजूंची यादी नीट केली की प्रश्न मिटला. श्रीलंकेचा अनुभव पाहावा. तेथे स्वस्त तांदूळ जवळजवळ सर्वांना मिळत असे. १९५३ मध्ये सरकारने त्याची किंमत एकदम वाढवली, तेव्हा देशभर हरताळ झाला आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावे लागले. १९७८ मध्ये हीच सवलत सुमारे निम्म्या लोकसंख्येपुरती मर्यादित करण्यात आली आणि १९७९ मध्ये तिच्या जागी ठरावीक रकमेची अन्नकुपने आली. ती रक्कम महागाईशी जोडलेली नसल्याने काही वर्षांतच तिची क्रयशक्ती निम्म्याच्या आसपास घसरली, पण १९५३ सारखा उद्रेक झाला नाही, कारण आवाज उठवू शकणारा मध्यमवर्ग तोवर योजनेबाहेर गेला होता. पात्रतेची रेषा खाली आणली की खर्चाबरोबर पाठीराखेही कमी होतात, हे त्या संज्ञेत दडलेले अर्थकारण होय. म्हणून शब्द ‘लक्ष्यनिर्धारित’च ठेवा, मात्र पहिल्यांदा येईल तेथे ‘निवडक गटांपुरते मर्यादित’ असा खुलासा जोडा.

‘लाभार्थी’विषयी माझे मत अधिक कठोर आहे. विद्यार्थी, शरणार्थी यांप्रमाणे ‘लाभार्थी’ म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. देणाऱ्याच्या मर्जीची छाया त्यात मुळातच आहे. योजना शासकीय आदेशावर चालत असेल, तर तो शब्द खरे तर चपखल बसतो! परंतु कायद्याने दावा दिला असेल, तेथे ‘हक्कदार’ लिहावे. भारताच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगारी भत्ता देण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात तो क्वचितच मिळाला, हा भाग वेगळा. तरी मागणाऱ्याला तेथे याचक म्हणता येणार नाही.

उपप्रश्न : ‘सार्वत्रिक’ शब्दाबाबत एक शंका आहे. अनेक देशांत पेन्शन आणि आरोग्यविमा कायद्याने ‘सर्वांसाठी’ असतात, पण प्रत्यक्षात नोंदणीकृत नोकरदारांनाच मिळतात. त्यांना काय म्हणावे?

उत्तर : त्यांना ‘अंशदायी’ म्हणावे, म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांपुरत्या योजना. लॅटिन अमेरिकेत सैनिक, सरकारी कर्मचारी आणि संघटित कामगार यांना असे संरक्षण आधी मिळाले, कारण राज्यकर्त्यांना त्यांची गरज होती. असंघटित क्षेत्र पुष्कळ काळ बाहेर राहिले. ब्राझीलमध्ये २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘बोल्सा फामिलिया’ या गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देणाऱ्या योजनेवर पहिल्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे अर्धा टक्का खर्च होत असे, तर निवृत्तिवेतनावरचा खर्च त्याच्या कित्येक पट होता, वादाचा धुरळा मात्र बहुधा पहिल्याच खर्चावर उडाला. अंशदायी योजना रुंदावू शकते, हेही नमूद करावे. दक्षिण कोरियात १९७७ मध्ये मोठ्या कंपन्यांपासून सक्तीचा आरोग्यविमा सुरू झाला आणि लोकशाही आंदोलनानंतर १९८९ पर्यंत तो सर्व लोकसंख्येपर्यंत पोहोचला. त्या टप्प्यानंतरच तेथे ‘सार्वत्रिक’ हे विशेषण शोभते.

उपप्रश्न : आणि ‘कंडिशनल कॅश ट्रान्सफर’? ‘सशर्त रोख हस्तांतरण’ असा शब्द दिसतो.

उत्तर : ‘हस्तांतरण’ ऐकताच मालमत्तेचा दस्त आठवतो. ‘सशर्त रोख साहाय्य’ लिहावे. ‘अनुदान’ हा शब्द वस्तूच्या किमतीत दिलेल्या सवलतीसाठी राखून ठेवावा. ‘सशर्त’ मात्र गाळू नये. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ सुरू केली, तेव्हा मुलांची शाळेतील हजेरी आणि कुटुंबाची आरोग्यतपासणी या अटींवर पैसे मुख्यतः आईच्या हाती दिले जात. अटींचा उद्देश मुलांचे भले हा होताच, शिवाय ‘फुकट पैसे वाटतात’ असा आक्षेप घेणाऱ्या करदात्यांपुढे योजनेचे समर्थन करणेही त्यामुळे सोपे झाले.